तव्याला घातली, पोराला नाही

३ मार्च
कोल्बीने आज स्वयंपाकघरात काटा आणून ठेवला. पोस्टात पाकिटं मोजतात तसला. आता त्यावर कोंबडी बसणार, बटाटा बसणार आणि मी बघत बसणार. सव्वीस वर्षांचा घोडा, माझा नातू. त्याला विमानातून उडी मारून जंगलातला वणवा विझवायची नोकरी हवी आहे. त्या कॅम्पात दोनशे पौंडांवरचा माणूस घेत नाहीत. शिवाय शंभर पौंडांचं ओझं पाठीवर घेऊन तीन मैल चालून दाखवायचं. हा भरतो दोनशे वीस. परीक्षा जूनमध्ये.

याचा बाप, माझा रॉजर, याच नोकरीत गेला. परत आली ती पाठपिशवी. गराजमध्ये टांगली आहे. मी काही त्याचा विचार करत बसत नाही.

ठरवलं: पोराला मदत करायची. मनापासून.

५ मार्च
कोल्बीचा कोच फोनमध्ये राहतो. नाव ब्रेंट. त्याने मांडून दिलंय: रोज तेवीसशे कॅलरी, एकशेऐंशी ग्रॅम प्रोटीन, फॅट साठ-पासष्ट, उरलेल्यात भात-बटाटा-ओट. मी विचारलं, नुसतं कमी खाल्लं तर नाही का भागत? तर कोल्बी म्हणे, "अगं आजी, उपासमार केली तर अंग चरबीबरोबर स्नायूही खातं. मग ओझं कोण उचलणार, तू? आठवड्याला दीड पौंड, सावकाश. चरबी जाते, ताकद राहते."

कळलं. शाळा सहावीत सुटली, पण डुकरं पाळली आहेत मी.

तवा मात्र कोरडा ठेवायचा म्हणे. सासूचा बिडाचा तवा. कोरडा ठेवला की गंजतो. स्टोव्हशेजारी कॉफीच्या डब्यात बेकनची चरबी साठवलेली असतेच, त्यातली चमचाभर घातली. तव्याला घातली, पोराला नाही.

१९ मार्च
दोन आठवडे झाले, वजन तसूभर हललं नाही. कोल्बीने काट्याची बॅटरी बदलली. मग वजनाचं मशीनच बदललं. तोंडात गेलेला प्रत्येक घास तो फोनमध्ये लिहितो. चर्चमध्येसुद्धा इतकं खरं कोणी बोलत नाही. ब्रेंट म्हणाला, आणखी दोनशे कॅलरी कमी कर.

तवा आज फारच कोरडा दिसत होता.

२ एप्रिल
संकल्प: आजपासून तव्याला अर्धाच चमचा.

संध्याकाळी. कोल्बीने गराजमधून रॉजरची पिशवी काढली, तिच्यात वाळू भरली आणि बर्फातून टेकडीवर चढून गेला. मागून रॉजरच वाटला.

संकल्प उद्यापासून.

११ एप्रिल
अंड्याचं पांढरं ठेवायचं आणि बलक टाकायचा, असं सांगून गेला. मी टाकला. त्याच्या ओटमध्ये टाकला. सांगताना कुठे टाकायचा ते नीट सांगावं.

२० एप्रिल
शेजारची लोरेन आली होती. म्हणाली, "व्हायोला, वास काय सुटलाय गं. ही डाएटची कोंबडी वाटत नाही." मी म्हटलं, तुझ्या नाकालाच डाएटची गरज आहे. लोरेन तशी चांगली आहे, पण नाक फार खुपसते.

७ मे
कोल्बी ब्रेंटशी बोलत होता. फोन टेबलावर, आवाज मोठा. ब्रेंट म्हणाला, "मित्रा, आकडे खोटं बोलत नाहीत, माणसं बोलतात. चोरून काय खातोस ते सांगून टाक." कोल्बी म्हणाला, काही नाही. ब्रेंट म्हणाला, सगळे हेच म्हणतात.

कोल्बीचे कान लाल झाले. खोटा आळ आला की रॉजरचेही व्हायचे.

मी बटाटे सोलत होते. बटाटे फार होते, मध्ये बोलायला सवड झाली नाही.

१९ मे
दोनशे बारा. परीक्षेला महिनाही उरला नाही. कोल्बी आता घरी जेवतच नाही. सकाळी काळी कॉफी, संध्याकाळी ट्रकमध्ये बसून काकडी. ब्रेंटलाही सोडलं. "सावकाशीचे दिवस गेले, आजी. माझ्या अंगातच काहीतरी खोट असणार," म्हणाला.

मी ताट झाकून ठेवते आणि सकाळी कुत्र्याला घालते. कुत्रा गुटगुटीत झालाय. म्हणजे अन्नात खोट नाही.

९ जून
एकशे अठ्ठ्याण्णव. जमवलंन पोराने. शर्टाच्या बाह्या मात्र पडद्यासारख्या हलतात. लोणच्याची बरणी उघडायला दिली तर दोनदा प्रयत्न करून परत टेबलावर ठेवली. मी म्हटलं, झाकणच घट्ट आहे. तो गेल्यावर मी उघडली.

१६ जून
दुसऱ्या मैलावर गुडघे टेकले. उठला. परत टेकले. तिसऱ्यांदा कॅम्पवाल्यांनीच पिशवी उतरवून घेतली. हे त्याने टेबलाशी बसून सांगितलं, हवामान सांगावं तसं. वजन बरोबर होतं, पण ओझं उचलायला अंगात काही उरलं नव्हतं.

चूक त्या ब्रेंटची. आणि काही म्हणा, पोरगं जमिनीवर आहे.

उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सगळे मला खोटा म्हणाले, आजी. तू एकदाही विचारलं नाहीस. तेवढ्यावर मी टिकलो." पुढच्या वर्षी परत बसणार आहे. या वेळी सगळं जेवण घरचं, माझ्या हातचं, म्हणाला.

मी कुत्र्याला बाहेर नेलं.

१७ जून
आज कोंबडी कोरड्या तव्यावर केली. चरबी संपली होती.

कोल्बीने एक घास घेतला. चावला. बराच वेळ चावला. "आजी, लाकूड झालंय याचं. आधी अशी लागायची नाही." मी म्हटलं, कोंबडी म्हातारी असेल.

तो उठला आणि स्टोव्हशेजारचा डबा उघडून पाहिला. संपली नव्हती. अर्धा डबा भरून होती.

"किती घालायचीस?"
चमचाभर, म्हटलं.
"रोज?"
दर जेवणाला.
"कुठला चमचा?"

मी दाखवला. सूपचा, मोठा. तो हसला, म्हणून मला वाटलं मिटलं. मग फोनवर काहीतरी हिशेब मांडला आणि फोन पालथा ठेवला. विचारलं, "बाबांमुळे?"

मी म्हटलं, तवा गंजतो.

त्याने स्वतःचं ताट धुतलं. माझंही धुतलं.

२० जून
कोल्बी मित्राकडे राहायला गेला, डोंगरापलीकडे. पाठपिशवी घेऊन गेला. काटा टेबलावरच राहिला आहे. लोरेनला सांगितलं, कामाला तिकडून जवळ पडतं म्हणून गेला. तिने काही विचारलं नव्हतं.

एकटीसाठी काय रांधायचं. पाव खाल्ला. तवा तसाच पडून होता, म्हणून चमचाभर चरबी घातली, तापवला, कापडाने पुसून ठेवला.

आज खरंच तव्यालाच घातली.