आक्काला ड्रोन हवाय

३ जून

चि. बारक्यास, आक्काचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

मला ड्रोन घ्यायचाय. समारंभात फोटो काढतात तो नव्हे. डोळ्यांवर गॉगल चढवायचा आणि ड्रोनच्या नाकावरचा कॅमेरा जे बघेल ते आपण बघायचं, तो. एफपीव्ही म्हणतात त्याला. तुझ्या दुकानात असले प्रकार असतात, तर नवशिक्याला परवडेल असा एक सांग. स्वस्त सांग, पण भंगार नको.

कारण विचारशीलच. अख्खी नोकरी मी यार्डातल्या क्रेनच्या केबिनमध्ये काढली. कंटेनर, ट्रक, माणसांची डोकी, सगळं वरून पाहिलं. आता खुब्याचं ऑपरेशन झालं आणि शिडी कायमची बंद. खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत तेवढी दिसते, तिचे पोपडेसुद्धा पाठ झाले. मला वरून बघायचंय, बस.

कळावे. लोभ आहेच, तो तसाच राहू दे. सोबत उपदेश पाठवू नकोस.

तुझी आक्का

९ जून

ती. आक्कास, बारक्याचा सा. न. वि. वि.

उपदेश पाठवतोय.

डॉक्टरांनी तुला काय सांगितलं होतं? काठी घे, पण रोज चाल. आत्ता चालली नाहीस तर पाय आखडेल आणि मग जन्मभर खुर्ची. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना तू दारातूनच परत पाठवलंस, हे त्यांनीच मला कळवलं. काठी म्हणे म्हाताऱ्यांनी घ्यावी! आणि आता तुला असलं खेळणं हवंय की जे बसूनच चालवायचं. बसून राहायला आणखी एक निमित्त. कानीकपाळी ओरडून माझा घसा बसला, आक्का.

तरी दुकानदार आहे, विचारलंस तर सांगतो. आधी फक्त रिमोट घे. तो कॉम्प्युटरला जोडून खेळासारखा सराव करता येतो. तिथे कितीही आपटलं तरी काही मोडत नाही. रिमोटमध्ये काटकसर नको, ड्रोन बदलत जातील पण रिमोट तोच राहील. मग तळहातावर मावेल असा छोटा ड्रोन, पंख्यांभोवती कडी असलेला. भिंतीला धडकतो, पडतो, पुन्हा उडतो. गॉगल साधा चालेल. उघड्या पंख्यांचा मोठा ड्रोन कुणी फुकट दिला तरी घ्यायचा नाही, बोटं जातात. आणि गॉगल चढवला की आजूबाजूचं काही दिसत नाही, म्हणून शेजारी लक्ष ठेवणारं एक माणूस हवंच.

कळावे. लोभ असावा, आणि जमल्यास कानही असावेत.

तुझा बारक्या

२० जून

चि. बारक्यास, आशीर्वाद.

मोठाच घेतला. ओरडू नकोस. यार्डातल्या वेल्डरचा मेहुणा जुना विकत होता, अगदी स्वस्तात. मी आयुष्यभर भरलेले कंटेनर उचललेत, तळहातावर मावणारं चिलट घेऊन काय करू?

घरातच चालवून पाहिला. पडदा गेला, ट्यूबलाइट गेली, ड्रोनचा एक हात गेला. माझी बोटं शाबूत आहेत.

दोष ड्रोनचाच. क्रेनमध्ये जरा भीती वाटली की दांडा सोडायचा. तो आपोआप मधे येतो, ब्रेक लागतो, भार जागच्या जागी थांबतो. इतकी वर्षं हाताला हेच वळण लागलंय, घाबरलीस की सोड. इथे सोडलं तर हा बाबा थांबतच नाही! जिकडे चाललाय तिकडे चालतच राहतो, मग समोर कपाट असो की आरसा. असलं यंत्र बनवणाऱ्याला धरून विचारलं पाहिजे.

छोटा पाठव, रिमोटही पाठव. आणि तू मला आधीच सांगितलं होतंस, हे पत्रात लिहू नकोस.

कळावे. लोभ आहे, राग आवर.

आक्का

२७ जून

ती. आक्कास, सा. न.

मी तुला आधीच सांगितलं होतं.

नाचता येईना म्हणे अंगण वाकडं! यंत्राचा काही दोष नाही. भीती वाटली तरी हात सोडायचा नाही, धरून ठेवायचं आणि हळूच वळवायचं. कॉम्प्युटरवर मनसोक्त आपटून घे म्हणजे जुनं वळण सुटेल. पार्सलमध्ये रिमोट, छोटा ड्रोन आणि गॉगल आहेत. सुटे पंखे जरा जास्तच टाकलेत, तुला ओळखतो म्हणून.

आता माझं एक ऐक. ऑगस्ट लागला की मी येतोय. तोवर तू चालत नसशील तर तुला इकडे घेऊन येणार, खालची खोली रिकामी केली आहे. बायको म्हणते, आक्कांना असं धमकावू नका. मी धमकावत नाही गं, मला भीती वाटते. आई शेवटची वर्षं कशी खाटेला खिळली होती ते तू विसरली असशील, मी नाही विसरलो.

कळावे. लोभ असावा, हट्ट कमी असावा.

बारक्या

१४ जुलै

चि. बारक्यास, आशीर्वाद.

खालची खोली भाड्याने देऊन टाक, मी येत नाही.

तुझ्या त्या चिलटाला मी नावं ठेवली ते शब्द मागे घेते. गुणी आहे. कॉम्प्युटरवर इतकं आपटलं की कंटाळून हात सुधारला. यार्डाच्या साहेबांनी मागचं मोकळं मैदान सुट्टीच्या दिवशी वापरायला दिलंय. रिक्षा थेट मैदानात आणते, मधोमध खुर्ची टाकून बसते. वॉचमन शेजारी उभा राहून लक्ष ठेवतो. अजून कधीकधी घाबरून हात सुटतो आणि ड्रोन गवतात जाऊन पडतो. मग वॉचमन पळत जाऊन घेऊन येतो. तो चांगलाच सडपातळ झालाय, त्याची बायको माझ्यावर खूश आहे.

कळावे. लोभ असावा, पंखे संपलेत.

आक्का

१९ जुलै

ती. आक्कास, नमस्कार.

तुझ्यापुढे हात टेकले. चालायचं तुला सांगितलं आणि चालतोय वॉचमन! औषध तुझं, गुण त्याला.

पंखे पाठवतोय. तिकीटही काढलंय, दोन ऑगस्टला पोचतो. सामान बांधून ठेव.

लोभ वगैरे आल्यावर बोलू.

बारक्या

२७ जुलै

चि. बारक्यास, अनेक आशीर्वाद.

काल सुट्टी होती आणि वाराही पडला होता. ड्रोन चांगला उंच नेला. हात एकदाही सुटला नाही. कंटेनरच्या रांगा, पत्र्याचं छप्पर, गेटजवळ झोपलेलं कुत्रं, सगळं मला हवं तसं खाली दिसलं. रडू आलं रे. गॉगलच्या आत डोळे पुसता येत नाहीत.

मग ड्रोन वळवला, तर मैदानाच्या मधोमध एक म्हातारी बसलेली. खांदे पडलेले, पाय पुढे टाकलेले, आणि एक माणूस तिच्यासाठी ताटकळत उभा. माझं डोकंच फिरलं. खाली कामाच्या जागी कुणी असं फतकल मारून बसलं की क्रेनवालीचा जीव टांगणीला लागतो. आधी त्याला हलवायचं, मगच पुढचं काम. मी वॉचमनला ओरडून म्हटलं की त्या बाईला उठव तिथून, वाटेत काय बसून राहिलीय. तो हळूच म्हणाला की बाई, इथे तुमच्याशिवाय कुणी नाही.

मी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. इतकी वर्षं सगळ्या जगाला वरून पाहिलं, हिला कधी पाहिलं नव्हतं. मला तिचा फार राग आला, आणि खरं सांगायचं तर फार दयाही आली.

ड्रोन परत आणला नाही. मैदानाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात मुद्दाम उतरवला. वॉचमन सवयीने निघाला, त्याला थांबवलं. त्याचीच काठी मागून घेतली आणि आणायला मी गेले. खुबा बोंबलत होता, मीही बोंबलत होते. येताना अर्ध्या वाटेत खुर्ची मागवावी लागली. हसू नकोस, जाणं आणि येणं दोन्ही एकदम मागायचं नसतं.

तू ये. मला न्यायला नको, नुसता ये. रिक्षा दारापर्यंत आणू नकोस, गल्लीच्या तोंडाशी उतर. मी तिथवर चालत येईन.

कळावे. लोभ असावा, आणि थोडा वेळ उन्हात उभं राहायची तयारी असावी.

तुझी आक्का