आराखड्यातला चोर

४ मार्च

ती. काकांस सा. न. वि. वि.

किती महिन्यांनी बाबांनी आराखडा काढला आहे! अख्खं रॉकेट, टोपीपासून शेपटीपर्यंत, मापांसकट. मी जेवणाचं टेबल पुसत होते, तेवढ्यात त्यांनी त्यावर कागद पसरला आणि अंधार पडेपर्यंत उठले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणतात की विसरण्याच्या या आजारात मधूनच चांगले दिवस येतात, ते वाया घालवू नयेत. म्हणून आराखडा सोबत पाठवते आहे. तुमच्या रॉकेट मंडळातल्या हौशी मंडळींना दाखवा आणि कोण काय म्हणतं ते सगळं कळवा, माझ्या जिवाला बरं वाटेल असंच नव्हे. मंडळाच्या उड्डाणाच्या दिवशी हे रॉकेट उडावं आणि बटण बाबांनी दाबावं, एवढंच मला हवं आहे. पुढच्या वर्षी बटण कशाला असतं तेही त्यांना सांगावं लागेल, अशी भीती वाटते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. शेपटीचे पंख फार लहान आहेत. मी पुन्हा पुन्हा मोजले (हसा खुशाल). पुठ्ठ्याचा नमुना करून, दोरीला बांधून अंगणात गरगर फिरवला, तर तो शेपूट पुढे करून फिरला. उडवला तर आकाशात कोलांटी मारून आपल्याच अंगावर येईल. पण मला वाटतं, हा चोर आहे! मी शाळेत जायच्या आधीपासून बाबा मला घरी आराखडे देत, आणि प्रत्येकात मुद्दाम एक चूक लपवत. तिला आम्ही चोर म्हणायचो. चोर पकडल्याशिवाय कात्रीला हात लावायचा नाही. तुम्हालाही त्यांनी असंच शिकवलं ना? काका, ते अजून चोर लपवतात, म्हणजे ते अजून आहेत. मंडळींना मात्र यातलं काही सांगू नका. त्यांचं त्यांना सापडू दे.

उत्तराला उशीर झाला तरी चालेल, मायेला होऊ नये.

तुमची मोजपट्टी

१३ मार्च

चि. मोजपट्टीस अ. आ.

आराखडा उघडला आणि दादाची ती सुईसारखी पेन्सिल पाहून मला घाम फुटला. माझ्या हातून एकदा चोर निसटला होता, तेव्हा हा पठ्ठ्या गप्प बसला आणि मला अख्खं रॉकेट बनवू दिलं. ते आमच्याच न्हाणीघराच्या खिडकीतून आत गेलं. आई आत होती. पुढचं विचारू नकोस.

मंडळींनी कागद मन लावून पाहिला. चष्मेवाल्यांनी पंख लगेच पकडले. मग शिंपीणबाई म्हणाल्या की पॅराशूटची दोरी कशालाच बांधलेली नाही, ते उघडेल आणि एकटंच फिरायला निघून जाईल. गणिताच्या बाईंनी विचारलं की मोटर अडवायला नळीत कडी कुठे आहे, नाहीतर पेटल्यावर ती आतल्या आत वर चढून टोपी उडवेल. सगळे हसले, मीही हसलो. घरी येताना रस्त्यातच माझं हसू आटलं.

दादा एका आराखड्यात किती चोर ठेवायचा, ते तुला माहीत आहे. कदाचित तू मोठी झालीस म्हणून परीक्षाही मोठी केली असेल. त्याला विचारून बघ. तोवर मी उड्डाणाच्या परवानगीचा शिक्का मारू शकत नाही. तो माझ्याकडेच असतो, हे आज पहिल्यांदा नकोसं झालं.

जेवतेस ना वेळेवर?

तुझा काका

२१ मार्च

ती. काकांस सा. न. वि. वि.

एकच. बाबा नेहमी एकच चोर ठेवत. दोन ठेवले तर शिकणारा घाबरतो, असं ते म्हणत. तुम्हाला हे माहीत होतं, तरी विचारायला लावलंत. मला राग नाही. मीही तुमच्या जागी तेच केलं असतं.

विचारलं. पंखांवर बोट ठेवून म्हटलं की सापडला. ते म्हणाले की यात सापडायचं काय आहे, बरोबर तर आहे. मग मी नमुन्याची दोरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगणात उभं राहून फिरवली. रॉकेट शेपूट पुढे करून त्यांच्याभोवती फिरत राहिलं आणि ते कौतुकानं बघत राहिले. म्हणाले, छान चालतंय, आता रंग द्यायला घे.

मी रंगाचा डबा आणायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

माझी काळजी करू नका. करायचीच तर त्यांची करा.

तुमची मोजपट्टी

२८ मार्च

चि. मोजपट्टीस अ. आ.

तुझं पत्र खिशात घेऊन हिंडतो आहे. कामाचं तेवढं लिहितो. तूच दुरुस्त कर. पंख वाढव, दोरी बांध, कडी घाल आणि खाली नाव दादाचंच राहू दे. मंडळी तयार आहेत. शिंपीणबाई पॅराशूट शिवून देणार आहेत. मी दादासाठी सावलीत खुर्ची ठेवीन. कोण विचारणार आहे, रेघ कुणाची ते? तू विचारशील, ठाऊक आहे. या वेळी नको विचारूस.

तुझा काका

९ एप्रिल

ती. काकांस सा. न. वि. वि.

सांगितलंत तसा नवा आराखडा काढला. पण बाबांचं नाव घालायचं तर तो त्यांच्या हाताखालून जायला हवा, असं वाटलं. म्हणून मीच त्यात एक चोर लपवला. अगदी सोपा, मला पहिल्यांदा सापडला होता तोच: एक पंख उलटा लावला. एवढा त्यांनी पकडला असता, तर मी डोळे मिटून नाव घातलं असतं.

त्यांनी टोपीपासून खाली बोट फिरवलं. उलट्या पंखापाशी ते थांबलं. मग बोट पुढे गेलं.

काम स्वच्छ आहे, म्हणाले. कुणी काढलंय, असं विचारलं, आणि मला अहो-जाहो केलं. मग कागदावर हात ठेवून बजावलं की इतक्यात कात्री लावू नका. त्यांची एक मुलगी आहे, आधी तिला दाखवा. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. हे तिला कधी बोलून दाखवलं नाही, म्हणाले, नाहीतर ती निष्काळजी झाली असती.

दाखवते तिला, असं मी म्हटलं.

उड्डाणाच्या दिवसाची आमची जागा दुसऱ्या कुणाला द्या. शिंपीणबाईंची माफी मागा. चोर पकडल्याशिवाय कात्री नाही, हा बाबांचाच नियम आहे, आणि हा चोर मला पकडता येत नाही, कारण मीच तो ठेवला आहे. आराखडा त्यांनी घडी न घालता टेबलावरच ठेवायला लावला आहे. आम्ही स्वयंपाकघरात जेवतो. जेवण झालं की ते खिडकीशी जाऊन बसतात आणि ती आली का, असं थोड्या थोड्या वेळानं मला विचारतात.

तुम्ही या, काका. खुर्ची इथे आहे.

तुमची मोजपट्टी