कुंकू लावलेला यंत्रमानव

चाळीसगाव, चैत्र संपत आला

तीर्थस्वरूप कोकिळाअक्का, धाकट्या प्रेमराजचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. धुळ्यात तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला? (थांबला असेल असं समजून पुढं लिहितो, नाहीतर पत्र इथंच संपेल.)

आखाजी जवळ आली, अक्षय्य तृतीयेला आता थोडेच दिवस. तीन वर्षं तू आखाजीला माहेरी आली नाहीस, आणि दर वेळी फोनवर तेच, "ते माहेर शे का भट्टी?" खोटं नाही. माडीवरच्या तुझ्या खोलीचं छत म्हणजे वर पत्रा, खाली लाकडी फळ्यांची तक्तपोशी आणि मधे वीतभर पोकळी. तिथं माणूस शिरत नाही, मांजरसुद्धा मागं फिरतं. म्हणून शेजारच्या सुनंदाबाईंच्या जावयाला गळ घातली. हा हितेंद्र पुण्यात मऊ यंत्रमानव बनवतो. हात, पाय, डोकं काही नाही गं त्याला. रबरी कापडाची लांबच लांब नळी. हवा भरली की टोकाकडून वाढत जाते, सांदीकोपऱ्यात शिरते, टोकाच्या कॅमेऱ्यानं बघते आणि ऊन अडवणारा फेस फवारते. पोकळीत आपल्या झोक्याची फळी आहे हे मी आधीच सांगितलं होतं. (आई दर आखाजीनंतर ती काठीनं आत सरकवायची, आठवतं ना?) हितेंद्र म्हणाला, दिसली की आधी ती ओढून काढतो.

पण तुझी भावजय प्रमिला आरतीचं ताट घेऊन आली. "आपला घरमा काम कराले उना, त्याले कुंकूबी नही?" असं म्हणत तिनं नळीच्या टोकाला ठसठशीत कुंकू लावलं. नेमकं डोळ्यावर! आता जावयासमोर बायकोला काय बोलणार, आणि बायकोसमोर जावयाला काय? दोघांनाही चहा दिला.

नळी वर गेली. पडद्यावर सगळं लाल. हितेंद्रच्या यंत्रात लाल म्हणजे फार तापलेलं. तो हळहळला, एवढं तापलेलं घर मी पाहिलं नाही म्हणाला, आणि दुप्पट फेस सोडला. वरून श्वासासारखा आवाज येत होता, सावकाश, एकसारखा. दुपारची वेळ, पोटात आमरस. प्रमिला भिंतीला टेकली, हितेंद्रची मान कलली आणि मीही गेलो. स्वप्नात कडुनिंबाच्या झोक्यावर तू होतीस, आई झोका देत होती, आणि तू इतकी उंच गेलीस की पांढऱ्या ढगात शिरलीस. परत येतेस का म्हणून मी खाली वाट बघत उभा होतो. जाग आली तेव्हा छताच्या फटीतून तोच ढग खाली लोंबत होता. फेस! आणि अक्का, खोली गार पडली होती. खरंच सांगतो, मी रडलो. हितेंद्रला वाटलं, फेस डोळ्यात गेला.

सगळ्यांना यथायोग्य सांग.

तुझा,
प्रेमराज

ता. क. फळी दोरासकट त्या फेसात गाडली गेली, बरोबर तुझ्या खाटेच्या वर. काढायची तर तक्तपोशी फोडावी लागेल, आणि फोडली की खोली पुन्हा भट्टी. सध्या हितेंद्रनं टाकून दिलेली जुनी नळी कडुनिंबाला बांधली आहे. प्रमिला तिच्यावर झोके घेते आणि चांगला आहे म्हणते.

आणखी एक. उन्हाचं काही नव्हतं, हे मला माहीत आहे. तुझ्या लेकीनं, सारिकानं मला सांगितलं, आई गेल्यावर माहेर कसलं, असं तू तिच्याजवळ म्हणालीस. बोललीस ते माझ्याजवळ का नाही बोललीस? तरी मी छताला फेस लावत बसलो, कारण मला दुसरं काही सुचलं नाही. खोली गार ठेवायची की आईची फळी काढायची, हे तू येऊन ठरव. दोन्ही नको असेल तरी ये.

गोधडी मात्र तुझी तू आण. इथल्या सगळ्या प्रमिलानं पांघरल्यात.