दोन डावे हातमोजे

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय शिवणकाम, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, तर स्वखुशीने लिहीत आहे. डोळ्यांना कमी दिसते, डोके मात्र ठिकाणावर आहे. शंका असल्यास शेजारच्या घड्याळजींना विचारावे. त्यांच्याशी कालच माझे भांडण झाले आणि मीच जिंकले.

१. दुकान व मागची खोली माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावी. बँकेत जे असेल ते नातीच्या शिक्षणासाठी ठेवावे.

२. पायमशीन काज-बटण करणाऱ्या बाईला द्यावे. बावीस वर्षे तिने माझ्या तोंडाचा पट्टा सहन केला. मशीन मिळणार म्हणून तिला साक्षीदार होता येत नाही, असे वकील म्हणाले. तेव्हापासून ती गाल फुगवून बसली आहे.

३. इस्त्रीवाल्याला काहीही देऊ नये. का, ते त्याला आणि त्या जळालेल्या रेशमी झग्याला माहीत आहे.

४. आता हातमोज्यांविषयी. नात चार वर्षांची आहे. गेल्या महिन्यात गारठलेले हात माझ्या गालांना लावून म्हणाली, "आजी, मला हातमोजे शिव ना." मी तिच्या आजोबांचा लोकरी कोट उसवला. अंगठा वेगळा, चार बोटे एकत्र, तळव्याला मऊ अस्तर. पहिला कागदी नमुन्यावरून कापला आणि कापड न उलटता त्याच नमुन्यावरून दुसराही कापला. शिवून झाल्यावर काजवाली म्हणाली, "अहो ताई, हे दोन्ही डावेच की!"

ही चूक माझ्या ओळखीची आहे. मुलगी सतरा वर्षांची असताना तिने एका मखमली कोटाच्या दोन्ही बाह्या अशाच, एकाच हाताच्या कापल्या. तसले कापड पुन्हा मिळणार नव्हते. तीन गिऱ्हाइकांसमोर मी म्हणाले, "तुझ्या हाताला वळणच नाही. ठेव ती कात्री खाली." तिने ठेवली. त्याला वीस वर्षे झाली. ती मला भेटायला येते, औषधे आणते, पण मागच्या दाराने. दुकानात पाऊल टाकत नाही. मला याचे फार वाईट वाटते. तोंडावर सांगायला गेले की जीभ रेटत नाही, म्हणून इथे लिहिले.

५. एक डावा हातमोजा नातीला द्यावा. दुसरा दुकानात काउंटरच्या वर टांगावा आणि खाली लिहावे: ही चूक मालकिणीची. ओरडले चारचौघांत, तेव्हा कबुलीही चारचौघांतच हवी.

६. माझी मोठी कात्री मुलीला. आजोबांच्या कोटाचे कापड एका उजव्या हातमोज्यापुरतेच उरले आहे. ते कात्रीखाली घडी करून ठेवले आहे. ते दुसऱ्या कोणाकडे शिवायला देऊ नये, ही अट आहे. पोरी, लेकीचा हात कागदावर ठेवून आख आणि तूच काप. कापड पुन्हा मिळणार नाही. तरी चुकलं तर चुकू दे. त्या दिवशी मी एवढंच म्हणायला हवं होतं.

वरील मजकूर स्वतःच्या हाताने लिहून, दोनदा वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: दुकानाची मालकीण

साक्षीदार:
१. शेजारचे घड्याळजी (भांडण कायम, सही खरी)
२. समोरच्या दवाखान्यातील डॉक्टरीणबाई

स्थळ: दुकान, कटिंगचे टेबल
दिनांक: ९ डिसेंबर