गळा भरून आला म्हणे

१२ जुलै १९९९, दौंड
एस.वाय.चा फॉर्म भरला. स्पेशल पाली. कारण खरं लिहायचं तर पालीत मार्क पडतात. एफ.वाय.ला एकाहत्तर पडले, इकॉनॉमिक्सला बेचाळीस. गाईडमधले मराठी अर्थ आणि टीपा घोकल्या, झालं काम. मूळ गाथा एकही पाठ नाही. पेपरात कुणी म्हणून दाखवायला सांगत नाही.
आप्पा रेल्वेत गँगमन. अख्ख्या गँगला सांगून आले, "पोरगी आपल्या धम्माची डिग्री करतीया." आई म्हणाली, डी.एड. केलं असतं तर बरं झालं असतं. आप्पा तिच्याशी दिवसभर बोलले नाहीत.

१ ऑगस्ट
आत्याला बघायला वडगाव रासाईला. नुसती हाडं राहिलीत. खाटेवरून माझा हात धरला. "सुजे, माझ्या मातीला साळवे गुरुजी नकू. त्ये घाई करत्यात. तू म्हण." मी म्हटलं, काहीतरीच काय बोलता. "म्हणशील का न्हाई?" म्हणेन म्हटलं. गुरुजी म्हणजे आमच्या दौंडच्या विहारातले बौद्धाचार्य, लग्न-मयत सगळं तेच लावतात. घाई करतात हे खरं आहे.
येताना ठरवलं, उद्यापासून एक एक गाथा पाठ. (उद्यापासून.)

१९ ऑगस्ट, वडगाव रासाई
आत्या काल पहाटे गेली. शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला. लिहवत नाही पण लिहिते.
नदीच्या काठाला, पलीकडे ऊस, पाण्यात जलपर्णी. शे-दीडशे माणूस. गुरुजीही आले होते, पण आप्पांनी त्यांना बाजूला घेऊन आत्याची इच्छा सांगितली. ते बिचारे मागे सरकले. दोघेतिघे पुटपुटले, पोरगी कशी काय. आप्पा मोठ्यानं म्हणाले, "ती शिकती हाय त्याच्यातलं."
त्रिशरण, पंचशील झालं. ते आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा म्हणतं. पुढची मरणाच्या वेळची गाथा. पहिले दोन शब्द आले. मग काही नाही. अर्थ मात्र सगळा डोळ्यांपुढे, गाईडच्या छापील अक्षरात, टीप क्रमांकासकट. तो काय कामाचा. तोंड उघडं, आवाज नाही. किती वेळ गेला कोण जाणे.
मग बायकांतून रखमाकाकूनं गाथा उचलली. ही आत्याची धाकटी जाऊ, जन्मभर लोकांच्या रानात खुरपलं, सही करता येत नाही. शेवटपर्यंत म्हटली, सावकाश, एकही अक्षर न गाळता. मी तिच्या मागोमाग ओठ हलवले.
मला रडूही आलं नव्हतं. हे कुणाला सांगू.

२० ऑगस्ट
ओटीवर बसलेल्या माणसांत कुणीतरी सुरुवात केली, "पोरीचा गळा भरून आला बघा. लई जीव आत्यावर." मग प्रत्येक येणाऱ्याला तेच. आप्पाही तेच सांगतात, आणि सांगताना त्यांचा स्वतःचा गळा भरतो. मी मान खाली घालून बसते. ती मान दुःखाची दिसते. बरं जमतं.

२२ ऑगस्ट
दोन दिवसांत गाथा पाठ केली. वही घेऊन गोठ्यामागे. अवघड नव्हतीच. चार ओळी. १ तारखेला बसले असते तर ३ तारखेपर्यंत आली असती.

२४ ऑगस्ट
आत्याचा सातवा दिवस, जलदानाचा विधी. पुन्हा मीच. या खेपेला सगळं बिनचूक म्हटलं, आवाजही लागला. गुरुजी म्हणाले, "त्या दिवशी दुःखामुळं झालं. आज बघा कशी म्हटली." म्हणजे आजच्या बिनचूक म्हणण्यानं त्या दिवशीचं खोटं पक्कं झालं.
दुपारी मोरीवर भांडी घासत होतो, मी आणि रखमाकाकू. तिनं तवा घासता घासता विचारलं, वर न बघता.
"त्या दिशी गाथा येत न्हवती न्हवं तुला?"
"येत होती काकू. आवाजच फुटेना."
"बरं."
एवढंच. तवा पालथा घातला आणि पुढचं भांडं घेतलं. सकाळी मीच पुढं बसून शंभर माणसांना खोटं बोलणार नाही म्हणून वदवून घेतलं होतं. चौथं शील. तीन तास झाले नव्हते.
काकूनं चिडायला हवं होतं. ती जेवताना माझ्या ताटात जास्तीची भाकर वाढून गेली.

२८ ऑगस्ट, दौंड
कॉलेजला गेले. शटलनं पुणे, शटलनं परत. सरांनी शीलांवर टीप लिहायला दिली. पंधरा ओळी लिहिल्या, "छान" असा शेरा. वही बॅगेत कोंबली. किळस आली स्वतःची.

३० ऑगस्ट
आप्पांना सांगितलं. ड्यूटीवरून आले, चहा पीत होते. म्हटलं, आप्पा, त्या दिवशी गळा वगैरे काही भरला नव्हता. मला गाथा येतच नव्हती. शिकलेच नव्हते. आत्याला हो म्हटलं होतं तरी.
कपबशी खाली ठेवली. मला वाटलं ओरडतील, आणि ओरडावं असंच वाटत होतं.
"भाईर बोलू नगंस," म्हणाले.
"पण आप्पा..."
"मी समद्यास्नी सांगितलंय. गँगला, वस्तीला." मग, "आयतवारी विहारात तूच वंदना घ्यायची हाय. पावसाळ्याचा वर्षावास चालू हाय, गुरुजींस्नी केडगावला बोलावलंय. मी हो म्हणून आलोय."
बूट न काढताच बाहेर गेले. आई आतून सगळं ऐकत होती.

५ सप्टेंबर
विहार. पन्नास-साठ माणसं, बायका पांढऱ्या साड्यांत. रखमाकाकू मुद्दाम आली होती वडगावहून, सकाळच्या जीपनं. आप्पा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट.
त्रिशरण झालं. पहिलं शील, मी म्हणायचं, सगळ्यांनी मागून. दुसरं. तिसरं.
चौथ्याला थांबले. या खेपेला येत होतं. पाठ होतं, ओठांवर होतं. म्हणवेना. सगळे माझ्या शब्दाची वाट बघत हात जोडून. काकूकडं बघितलं, तिनं डोळे मिटलेले होते. ती उचलणार नव्हती, हे कळलं मला.
ठरवलं की आता सांगून टाकायचं, इथंच, सगळ्यांसमोर. "मला..." एवढं म्हणालेही.
तर मागून एक बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आत्याची याद आली पोरीला." दोघीतिघींनी डोळ्याला पदर लावले. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला.
आप्पा खाली सतरंजीकडं बघत होते.
पाणी प्याले. चौथं शील म्हटलं. सगळ्यांनी माझ्यामागून म्हटलं. आप्पांचे ओठ हलले नाहीत.
पुढच्या रविवारीही मलाच घ्यायला सांगितलंय.