दिवा झाकलेला ठेवायचा

सेंट जॉन्स, न्यूफाउंडलंड
१९ जून २०१४

प्रिय अ‍ॅम्ब्रोज,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. टोरांटोच्या उकाड्याबद्दल तू तक्रार करतोस आणि मी इथे जूनमध्ये लोकरीचे मोजे घालून बसले आहे, तेव्हा तुझ्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही. आमचं ठीक आहे. मागच्या अंगणातले बटाटे उगवून आले. धुकं सकाळी येतं, दुपारी जरा मागे सरतं आणि चहाच्या वेळेला पुन्हा दाराशी हजर होतं. तुझी खोली मी झाडून ठेवली आहे. बारा जुलै नक्की ना? सिरिल रोज विचारतो.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनिग्ना आम्हाला पत्रलेखन शिकवायच्या. त्या म्हणायच्या, मुलींनो, वाचणाऱ्याला आधी नीट बसू द्यावं. तेव्हा तू बस.

परवा आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. तुला आठवत असेल, लग्न झालं त्या आठवड्यात किनाऱ्याला मासा लागला होता आणि सिरिलला एकच दिवस मोकळा मिळाला. त्या दिवशी आम्ही उसना कॅमेरा घेऊन याच शहरात पाहुण्यांसारखे फिरलो होतो. परवा सकाळी तो कोट घालून स्वयंपाकघरात उभा राहिला आणि म्हणाला, "चल फिलो, आज पुन्हा पाहुणे होऊ या."

"पाहुण्यांना हे चढ कोण चढायला लावतं? माझी कंबर बघ."

"कंबर पंचेचाळीस वर्षं बघतोय. चल."

मी स्कार्फ बांधला. त्याच्या कोटाच्या खिशात काय होतं ते पुढे सांगते.

आधी आम्ही रंगीत घरांच्या रस्त्याने निघालो. तो चढ तुला ठाऊक आहे, बोलत चढता येत नाही. सिरिल पुढे गेला. मी खांबाला धरून श्वास घेत होते. वर पाहिलं तर तो एका हिरव्या दारापुढे उभा राहून कुलपात किल्ली फिरवत होता. नवी नवरी म्हणून मी ज्या घरात आले, तेच ते घर. तेव्हा दार निळं होतं. आतून एक तरुण बाहेर आला, पायात मोजे, हातात टोस्ट.

"काय हवंय, आजोबा?"

सिरिलने किल्ली खिशात टाकली. मग हसला. "आम्ही इथे भाड्यानं राहायचो, बाळा. म्हटलं, आपली किल्ली अजून लागते का बघावं."

"मग, लागली?"

"नाही. तुझं नशीब."

तो मुलगा खूप हसला. मीही हसले. पण सिरिलने किल्ली तीन वेळा फिरवली होती, अ‍ॅम्ब्रोज. मी खालून मोजलं होतं.

जेवायला बंदराशी गेलो. वाढणारी पोरगी टेबलाशी येऊन म्हणाली, "काय आणू, राजा?"

"आधी राणीला विचार. राजाला विचारून आमच्या घरात काही होत नाही."

तळलेला मासा आणि बटाटे आले, वर डब्यातलं दूध घातलेला कडक चहा. त्याने सगळं नीट खाल्लं, शेवटचा बटाटा माझ्या ताटात ठेवला, जसा नेहमी ठेवतो. पोरगी ताटल्या उचलून गेली. मग त्याने तिला हात केला. "अगं, आमच्याकडे कुणी येणार आहे का विचारायला? भूक लागलीय."

तिला वाटलं, थट्टा. म्हणाली, "तुमच्यासारखं गिऱ्हाईक रोज येऊ दे." मी तिच्याबरोबर हसले. या वर्षी मी इतकी हसले आहे की गाल दुखतात.

पान उलटलं आहे. आता सांगते.

दुपारी आम्ही सिग्नल हिलवर गेलो. धुकं समुद्रावर मागे, भिंतीसारखं थांबलं होतं. त्याच्यापुढे एक हिमनग अडकला होता, म्हणून बुरुजापाशी कॅमेरेवाल्यांची गर्दी. खाली ओहोटी होती. ऑन्टॅरिओचं एक जोडपं शेजारी येऊन उभं राहिलं, भली माणसं. बायकोकडे दुर्बीण होती. सिरिलचे हात बघून नवऱ्याने विचारलं, "तुम्ही मासेमार होता का?"

"अजून आहे. सरकारनं मासेमारी बंद केली तरी हात बंद झाले नाहीत. उन्हाळ्यात घरच्यापुरते पकडायची सूट आहे. पुढच्या महिन्यात भाऊ येतोय. त्याला घेऊन बाबांच्या जागेवर जाणार."

"आणि ती जागा सापडते कशी? यंत्र असेल."

"यंत्र कशाला? खुणा आहेत."

आणि त्याने त्यांना खुणा सांगितल्या.

तू सतराव्या वर्षी होडीत बसायला लागलास, तरी तुला त्याने त्या कधी सांगितल्या नाहीत. तुझे वडील गेले तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि त्यांच्यामागे खुणा माहीत असलेला तो एकटाच. आपल्याकडे माणूस आपली मुलगी देईल पण खुणा देणार नाही, असं तोच म्हणायचा. आणि परवा त्याने त्या, वाऱ्यावर ओरडून, दुकानातली नवी टोपी घातलेल्या परक्या पाहुण्याला सांगितल्या.

ते मी सहन केलं असतं. पण त्याने त्या चुकीच्या सांगितल्या.

मला त्या ठाऊक आहेत. तू टोरांटोला गेल्यावर चार उन्हाळे होडीत त्याच्यापुढे मीच बसत होते. चर्चचे दोन्ही मनोरे एकामागे एक येऊन एकच दिसेपर्यंत बाहेर जायचं, आणि दक्षिणेकडचा दीपस्तंभ भूशिराच्या नाकाआड झाकलेला ठेवायचा. दिवा उघडा पडला की समजायचं, खाली म्हातारी आहे. ज्या बुडालेल्या खडकावर तुझे वडील गेले तीच ती. ओहोटीला तिच्या डोक्यावर जेमतेम हातभर पाणी असतं.

सिरिल म्हणाला, "मनोरे एक झाले, की दिवा पूर्ण उघडा दिसेपर्यंत सरकायचं. मग गळ सोडायचा." आणि हात लांब करून त्याने ती जागा दाखवली.

त्या बाईने दुर्बीण लावली. "तिथे? ते पांढरं दिसतंय ते काय आहे?"

त्याच्या बोटाच्या सरळ रेषेत लाट फुटत होती. सगळा समुद्र करडा, आणि तेवढ्याच एका जागी पांढरं फुटायचं, विरायचं, पुन्हा फुटायचं.

"तो हिमनगाचा तुकडा असेल," सिरिल म्हणाला.

ते जोडपं आभार मानून गेलं. आम्ही बुरुजाच्या आडोशाला बाकावर बसलो. वाऱ्याने त्याच्या डोळ्यांना पाणी येत होतं, त्याने रुमालासाठी खिशात हात घातला आणि पावाचा तुकडा बाहेर काढला.

तुला आठवतं ना, बोरं वेचायला टेकडीवर निघालो की आपल्या आया खिशात पाव घालायच्या. डोंगरातल्या त्या छोट्या माणसांनी चकवा लावू नये म्हणून. सिस्टर बेनिग्नांनी एकदा माझ्या खिशातून तो काढून खिडकीबाहेर फेकला होता आणि गळ्यात पवित्र पदक अडकवलं होतं. पदक अजून आहे. पण माणूस घाबरला की आईचंच करतो.

सिरिलने तो तुकडा हातावर ठेवला. "हा तू ठेवलास?"

"सवयीनं."

"बोरं ऑगस्टात येतात, फिलो."

मी स्कार्फची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"कधीपासून ठेवतेयस?"

"मार्चपासून."

त्याने तुकड्याचे दोन भाग केले, एक मला दिला. आम्ही खाल्ला. कोरडा होता, खिशातल्या तंबाखूचा वास लागलेला. मग तो म्हणाला, "सकाळी त्या दाराशी मला खरंच वाटलं होतं की तू आत आहेस."

"माहीत आहे."

"डॉक्टरला विचारलंस?"

"विचारलं. तुला घेऊन यायला सांगितलंय."

"जाऊ. अ‍ॅम्ब्रोज येऊन गेला की जाऊ. एकदाच त्याला बाबांच्या जागेवर नेतो, मग होडी विकू. तोवर त्याला काही कळवायचं नाही. शब्द दे."

मी म्हटलं, "खुणा आठवतात ना तुला?"

"झोपेत विचार."

मी शब्द दिला. पंचेचाळीस वर्षांत मी त्याला दिलेला शब्द मोडला नव्हता. हे पत्र लिहून मोडते आहे.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. तू एकोणीस वर्षांचा होतास, तुम्ही दोघं दिवसभर धुक्यात सापडला होतात आणि त्याने नुसता लाटेचा आवाज ऐकत तुला घरी आणलं होतं. त्या संध्याकाळी तू माझ्या स्वयंपाकघरात म्हणाला होतास, "वहिनी, उद्या सिरिलनं खडकाकडे वळव म्हटलं तर मी वळवीन." तू थट्टा करत नव्हतास. म्हणून तर मला लिहावं लागतं आहे. तू त्याच्याकडे बघत बसशील आणि समोर बघणार नाहीस.

तेव्हा असं कर. ये मात्र जरूर. पण आल्या आल्या लंगड. गुडघ्याच्या डॉक्टरने होडीत चढायला साफ मनाई केली आहे असं सांग, आणि माझ्यासमोर सांग म्हणजे मी तुला भित्रा म्हणेन. तो चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. चिडू दे. तुझ्यामुळे राहिलं असं त्याला आयुष्यभर वाटू दे, त्याच्यामुळे राहिलं असं नको. एवढं ओझं तू घेशील ना? तो एकटा निघेल अशी मला भीती होती, म्हणून इंजिनाची किल्ली मी पिठाच्या डब्यात तळाशी पुरली आहे. काल तो ती शोधत होता. मीही त्याच्याबरोबर शोधली.

या पत्राला पत्राने उत्तर देऊ नकोस, टपाल तोच आत आणतो. बुधवारी सकाळी दहाला तो केस कापायला जातो, तेव्हा फोन कर. हे पत्र मी स्वतः उतार उतरून टाकून येईन.

सोबत एक कागद आहे. काल रात्रीच्या जेवणाआधी त्याने तो टेबलाशी बसून लिहिला. म्हणाला, "धाकट्याला खुणा द्यायच्या राहून गेल्या. मी आहे तोवर देऊन टाकतो. पाठव." मनोरे काढले आहेत, भूशिर काढलं आहे, दिवा काढला आहे, किरणांसकट, पूर्ण उघडा. कागद माझ्या हातात देताना तो थांबला. इतक्या वर्षांत समुद्राबद्दल त्याने मला कधी काही विचारलं नव्हतं. काल विचारलं.

"बरोबर आहे ना गं?"

मी म्हटलं, "बरोबर आहे."

अक्षर अजून किती सुरेख आहे बघ त्याचं. कागद जपून ठेव, पण त्याच्यावर विसंबून कधी होडी घालू नकोस.

तुम्हा दोघांशीही खोटं न बोलता जगायची इच्छा असलेली,
तुझी वहिनी
फिलोमेना