कानात सांगायचं नाव

युवराज,

वरती आशीर्वाद लिहायला घेतला, पण लिहवंना.

काल बारशाला आले, तर तू मला सोप्यातच अडवलंस. "आक्का, किरणं घेऊन आलीयास, लेकराजवळ जाऊ नगं," म्हणालास. सख्खी आत्या दारात उभी असताना शेजारच्या सोनुबाईला पोरीच्या कानात कुर्र करायला लावलंस! तिनं सांगितलेलं नाव ऐकायच्या आत मी बस धरली.

अरं, निपाणीच्या हायस्कुलात सायन्स शिकवतोस न्हवं? बेळगावात गर्भाशयाच्या कॅन्सरसाठी चार खेपा माझ्या आत नळ्या बसवल्या, स्कॅन काढून नेमकी जागा बघितली, धा मिनिटं आतनं किरणं दिली आणि नळ्या काढून घेतल्या. "आता अंगात काही राहत नाही, बाळ खुशाल मांडीवर घेऊ दे," असं डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर तुला फोनवर सांगितलं. तू "व्हय, ठाऊक हाय मला" म्हणालास. ठाऊक असून अडवलंस, ह्याचाच लई राग हाय.

किरणं द्यायची पाळी येईस्तोवर, नळ्या आत असताना तासन्‌तास हलायचं न्हवतं. दात आवळून मी तुझ्या पोरीसाठी नाव शोधत पडायची. चौथ्या, शेवटच्या खेपेला सापडलं.

त्ये नाव लिहून हे पत्र धाडणार होते. आता पत्रच न्हाय धाडत. पोरगी आपल्या पायानं माझ्या दारात येईल, तवा तिच्याच कानात सांगीन.

तुझ्या लेकीची आत्या